हिवाळ्यात कासवाचा ताजा चारा: कोकणातल्या पाळणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीपर्यंत कोकणात पायाखाली सगळीकडे हिरवे असते. डिसेंबर उजाडला की सड्यावरचे, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचे, गवत पिवळे पडते, आंब्याला मोहोर येऊ लागतो आणि बागांमध्ये फवारणी सुरू होते. गवत खाणाऱ्या कासवाची पंचाईत होते ती या दोन गोष्टींमुळे. बाहेर हिरवे कमी उरते, आणि जे उरते त्यातले बरेच विश्वासाचे नसते. म्हणून वर्षाचा चाऱ्याचा हिशोब सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच मांडावा लागतो.

ही माहिती कोणत्या कासवासाठी आहे?

जमिनीवर राहणाऱ्या आणि मुख्यतः गवत खाणाऱ्या परदेशी जातींसाठी, म्हणजे सुलकाटा आणि लेपर्ड कासवासाठी. रेडफूट हे जंगलातले कासव. त्याला थोडी फळे चालतात, त्यामुळे त्याचे प्रमाण वेगळे असते. पाण्यातल्या स्लायडरचा आहार तर पूर्णच निराळा. सुलकाटा घेताना एक लक्षात ठेवा: तळहातावर मावणारे पिल्लू पुढे अर्ध्या मीटरहून लांब आणि ४० किलोहून जड होते. त्याला रोज चरायला लागणारे गवत दोन कुंड्यांत भागत नाही.

आमच्याकडे स्टार कासव आहे. त्याला हेच खाणे चालेल का?

स्टार कासव घरी ठेवणे हा गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची १ मध्ये आहे. ते रानात किंवा रस्त्यावर सोडूनही देऊ नका. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. किनाऱ्यावर अशक्त समुद्री कासव दिसले तरी हाच क्रमांक लावा. त्याला घरी आणू नका, पाण्यात ढकलू नका, खायला घालू नका. सुलकाटासारख्या परदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. ती झाली नसेल तर आधी ते काम उरका.

कोकणात थंडी अशी पडतेच कुठे? मग हिवाळ्याचा वेगळा विचार कशाला?

रत्नागिरी, मालवण, अलिबागला समुद्र जवळ असल्याने रात्री सौम्य असतात. दापोलीत किंवा सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत मात्र काही पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. सुलकाटा हिवाळी झोप घेत नाही. थंडीतही ते जागे राहते आणि खायला बघते, पण अंग गार असेल तर पोटातले अन्न पचत नाही, आतच आंबते. त्यातून पोट फुगणे आणि मग खाणे सोडणे हा क्रम ठरलेला. रात्री त्याच्या घरात २० अंशांच्या खाली तापमान जाऊ देऊ नका, पिल्लांसाठी २५ धरा. दिवसा ऊन घेण्याची जागा ३५ अंशांच्या आसपास तापली पाहिजे. लाकडी खोके, तळाला कोरडे गवत आणि आत सिरॅमिकचा उष्णता देणारा बल्ब थर्मोस्टॅटवर, एवढ्यावर भागते. साधा उजेडाचा बल्ब रात्रभर ठेवू नका.

खाणे कधी आणि किती घालावे?

सकाळी दहा-अकराच्या सुमारास, कासव तासभर उन्हात तापल्यानंतर. पहाटेचे दव सुकू द्या. ओल्या गवतात गार अंगाने फिरलेल्या कासवाला सर्दी लवकर होते आणि ती फुप्फुसात उतरते. संध्याकाळी चारनंतर ताजा पाला घालू नका, तो पचायला ऊब उरत नाही.

ताज्या पाल्याचा ढीग साधारण त्याच्या कवचाएवढा असावा. वाळके गवत मात्र दिवसभर समोर असू द्या, त्याला माप नाही. एकूण खाण्यात आठ-नऊ हिस्से गवत, ओले किंवा वाळके, आणि उरलेल्या एक-दोन हिश्श्यांत पाने-फुले. पाच सेंटीमीटरपेक्षा लहान पिल्लांना सगळे बारीक चिरून द्या. मोठ्यांना आख्खे पान द्यावे म्हणजे ओढून तोडताना चोच झिजते.

डिसेंबर ते फेब्रुवारीत बाहेर काय मिळते?

विहिरीजवळ, पाटाच्या कडेला, नारळी-पोफळीच्या शिंपणाच्या बागेत हरळी हिरवी राहते. हरळी हे या कासवांचे सर्वांत भरवशाचे खाणे. गणपतीला जुडी वाहतो तीच दूर्वा, पण इथे कोवळ्या तीन पात्यांऐवजी काडीसकट सगळी घ्यायची. तंतू काडीत असतात.

कुंपणाची जास्वंद बाराही महिने हाताशी असते. पाने आणि फुले दोन्ही चालतात. तुतीची पाने उत्तम. शेवग्याचा पाला कॅल्शियमला चांगला, पण प्रथिने जास्त, म्हणून आठवड्यातून दोनदा मूठभर पुरे. दुधी, भोपळा, कोहळा यांची पाने आणि नरफुले घाला. केळीच्या पानाचे पट्टे काढून द्या, त्यात तंतू भरपूर. केळे देऊ नका. रताळ्याचा वेल हा हिवाळ्यातला मोठा आधार.

भात कापल्यावर शेतात वाल, कुळीथ, चवळी उभी असते. या शेंगवर्गीय पिकांचा पाला मोह पाडतो आणि कासव तो आवडीने खाते. आठवड्यातून एकदा मूठभर ठीक. दाणे आणि शेंगा अजिबात नकोत. प्रथिने जास्त झाली की मूत्रपिंडावर ताण येतो, आणि पाणी कमी पिणाऱ्या कासवाच्या मूत्राशयात खडा होतो.

आंब्याच्या बागेखाली गवत भरपूर आहे. ते कापून आणले तर?

नको. हापूसच्या बागेत पोपटी पालवी आल्यापासून फळ धरेपर्यंत तुडतुडे, भुरी आणि करप्यासाठी साधारण पंधरवड्याला एक फवारणी होते. वरून पडणारा प्रत्येक थेंब खालच्या गवतावर येतो. यातली काही औषधे आंतरप्रवाही असतात, म्हणजे ती पानाच्या आत शिरतात. गवत कितीही वेळा धुतले तरी ती निघत नाहीत. शिवाय बऱ्याच बागांत नियमित मोहोरासाठी झाडाच्या बुंध्याभोवती मातीत पॅक्लोब्युट्राझोल, बागायतदारांच्या बोलीत कल्टार, घातलेले असते. ते मातीत दीर्घकाळ टिकते. त्यामुळे फवारणी न झालेल्या महिन्यातही त्या आळ्यातले गवत घेऊ नये.

वारा लक्षात घ्या. दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे फवारणीचे तुषार आतल्या बाजूला नेतात, पहाटेचे मतलई वारे किनाऱ्याकडे. फवारल्या जाणाऱ्या बागेपासून किमान १०० मीटर लांबून आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाकडून चारा घ्या. शेजारच्या बागायतदाराला सरळ विचारा. फवारणीचा दिवस कोणी लपवत नाही. त्या दिवशी कासवाला आणि चाऱ्याच्या क्रेटना आडोशाला घ्या. काजूच्या बागेलाही हेच लागू. रस्त्याच्या कडेचे आणि तणनाशक मारलेल्या बांधावरचे गवतही वर्ज्य. एकाच रेषेत, एकसारखे पिवळे पडलेले गवत दिसले तर ते तणनाशकाचे काम समजा.

निवडुंग चालतो असे ऐकले. कोणता?

फड्या निवडुंग, म्हणजे चपट्या, लंबगोल फडांचा. त्यात कॅल्शियम भरपूर आणि पाणीही. कोवळा, हाताच्या पंजाएवढा फड चिमट्याने तोडा, विस्तवावर फिरवून काटे आणि बारीक कुसे जाळून घ्या, मग कडा कापा. मोठे काटे दिसतात म्हणून काढले जातात; त्यांच्या बुडाशी असलेली कुसे दिसत नाहीत आणि तीच जिभेत रुततात. आठवड्यातून दोन फोडी पुरेत, जास्त झाल्यास विष्ठा पातळ होते.

गडग्यावर, कुंपणाला लावलेला त्रिधारी निवडुंग आणि शेर मात्र वेगळ्याच कुळातले, विषारी. ओळखायला सोपे आहे: कापल्यावर पांढरा चीक वाहिला तर ते फेकून द्या आणि सुरी धुवा. तो चीक तुमच्या डोळ्यात गेला तरी इजा करतो.

कोणती झाडे कासवाच्या आवारात असताच कामा नयेत?

कण्हेर, बिट्टी, धोतरा, रुई, घाणेरी, एरंड, गुंज, सदाफुली, कळलावी, शोभेचे क्रोटन आणि गाजरगवत. बेशरमचे पान आणि फूल रताळ्यासारखे दिसते, ते विषारी आहे. किनाऱ्यावरची मर्यादवेलही त्याच कुळातली, तीही रताळ्याचा वेल समजून आणू नका. अळू कच्चे कधीच नाही: त्यातले सुईसारखे स्फटिक जीभ आणि घसा सुजवतात. टाकळा जुलाब करतो.

सुलकाटा जे दिसेल ते चाखून बघते. आपल्या इथल्या विषारी झाडांची जाण त्याला असेल या भरवशावर राहू नका.

बाजारातली भाजी देऊन हिवाळा काढता येईल का?

दोन-चार दिवस, हो. तीन महिने, नाही. भाजीत तंतू कमी आणि पाणी जास्त. मुळ्याचा पाला, नवलकोलाचा पाला, कोथिंबीर अधूनमधून चालेल. पालक, चुका, माठ आणि घोळ यांतले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून टाकते, म्हणून ते क्वचितच. कोबी-फ्लॉवर रोज दिल्यास थायरॉइडला त्रास होतो. काकडी-टोमॅटोत खाण्यासारखे फारसे काही नाही. भात, पोळी, डाळ, कुत्र्याचे खाद्य आणि फळे यांना सुलकाटाच्या ताटात जागा नाही. गोड खाल्ल्यावर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि पोट बिघडते.

गवत वाळवून कसे साठवावे?

यावर हिवाळा तरतो, म्हणून सविस्तर. पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कापा. गवताला तुरा नुकताच आलेला असावा, दाणा भरलेला नसावा. दाणा भरला की पात्यातला कस जातो. सड्यावर कुसळी गवत बरेच असते; त्याची कुसळे पिकली की ती तोंडात, डोळ्यात आणि मानेच्या घडीत घुसतात. कुसळ काळपट होऊन एकमेकांत पिळ घालू लागले असेल तर त्या वर्षी त्या जागेचे गवत सोडून द्या.

कापलेले गवत पातळ पसरा, दिवसातून दोनदा उलटे करा, आणि सूर्य मावळण्याआधी गोळा करून झाकून ठेवा. रात्रभर उघड्यावर राहिले तर दव पडते, सकाळी ते काळवंडते आणि बुरशी धरते. चांगल्या उन्हात तीन दिवस लागतात. मूठभर काड्या हातात पिळून पाहा. काडी कडक वाजून मोडली आणि पात्याचा रंग अजून हिरवट असला तर झाले. काडी वाकून न मोडता उलगडली तर अजून एक ऊन द्या. पूर्ण पिवळे होईपर्यंत तापवत ठेवणेही चूक, त्यात जीवनसत्त्वे जातात.

गोणपाटात भरा. प्लास्टिकच्या पिशवीत कोकणची दमट हवा आत कोंडते. गोणी जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका. फळीवर, शक्य असल्यास माळ्यावर ठेवा. पंधरा दिवसांनी हात खोल घालून बघा. आत ऊब लागली किंवा कुबट वास आला तर लगेच बाहेर पसरा. पांढरी धूळ उडत असेल तर ती बुरशी, सगळी गोणी टाका. २०-२५ सेंटीमीटर कवचाच्या कासवाला, अर्धे वाया जाते हे धरून, दोन भरलेल्या गोण्या पावसापर्यंत पुरतात.

घरात भाताचा पेंढा आहे, तो चालणार नाही का?

अंथरायला चालेल, तोही कोरडा आणि बुरशी नसलेला असेल तर. खायला नको. पेंढ्यात सिलिका जास्त, कस कमी, आणि त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियमची तूट वाढते.

घरी काय आणि कसे लावावे?

पहिला मान हरळीचा. आंब्याचे रिकामे प्लास्टिक क्रेट घ्या, तळाला गोणपाट अंथरा. दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत, एक भाग नदीची वाळू असे मिश्रण १५ सेंटीमीटर भरा. समुद्राची वाळू वापरू नका. दोन-तीन पेऱ्यांच्या काड्या पाच-पाच सेंटीमीटरवर आडव्या दाबा, रोज पाणी द्या. चार-पाच आठवड्यांत क्रेट भरतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावले तर डिसेंबरला तयार. किमान सहा क्रेट ठेवा: एक कासवापुढे, पाच विश्रांतीला. एका क्रेटवर तीन दिवस चरू दिले की त्याला दोन आठवडे सोडा. हिवाळ्यात वाढ मंद असते, घाई केली तर मुळासकट उपटून रिकामे होते. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर हरळी विरळ होते. सावलीच जास्त असेल तर नारळाखाली गिनी गवत लावा, ते सावली सोसते. बेणे किंवा ठोंब कुठे मिळतील हे पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यात किंवा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात विचारून पाहा.

रताळ्याच्या वेलाचे २५-३० सेंटीमीटरचे तुकडे घ्या, दोन पेरी मातीत, दोन वर. जुनी सिमेंटची गोणी चालते, पण आधी नीट झाडून धुवा. पाच-सहा आठवड्यांनी पाने तोडायला लागा, एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नाही.

जास्वंद आणि तुतीच्या काड्या पावसाच्या तोंडावर लावाव्यात, हिवाळ्यात मूळ उशिरा धरते. फड्या निवडुंगाचा फड तोडून आठवडाभर सावलीत वाळू द्या, जखम सुकली की भुसभुशीत जागेत उभा रोवा. ओला रोवला तर कुजतो.

युरिया घालू नका. त्याने पाला जोमाने येतो, पण पानात नायट्रेट साठते. ताजे शेणही नको.

ट्रेमध्ये गव्हाचे तृण उगवता येईल का?

येईल, जोडीला म्हणून. किराणा दुकानातला साधा गहू आणा. बियाण्याच्या दुकानातला गुलाबी किंवा लाल रंग लावलेला गहू बुरशीनाशकाने माखलेला असतो, तो विष आहे.

२०० ग्रॅम गहू दहा-बारा तास भिजवा, निथळा, ओल्या फडक्यात दिवसभर बांधा. कोंब दिसले की ३० बाय ४५ सेंटीमीटरच्या भोके पाडलेल्या ट्रेमध्ये एकच थर पसरा. दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडा. आठ-नऊ दिवसांत १५ सेंटीमीटरचे पाते तयार होते. कात्रीने दाण्याच्या वरून कापा. खालचा दाण्या-मुळांचा गालिचा देऊ नका, त्यात स्टार्च असते.

इथे बुरशीच जास्त त्रास देते. दाट थर, तळाशी साठलेले पाणी, बंद खोली ही तीन कारणे. तिसऱ्या दिवशी दाण्याभोवती पांढरी लव दिसली की लोक घाबरून ट्रे टाकतात. आधी पाणी शिंपडून बघा: मुळांची लव पाण्याने बसते आणि तिला वास नसतो. बुरशी पाण्यानेही जाळ्यासारखी तशीच राहते, राखाडी दिसते आणि कुबट वास येतो. ती एका कोपऱ्यात दिसली तरी पूर्ण ट्रे टाका.

कोवळी ज्वारी मात्र लावू नका, तिच्या कोंबात सायनाइड तयार होते. मका किंवा सातू चालेल.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आणि मावा येतो. काय करावे?

पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या मागच्या बाजूने, सलग तीन सकाळी. फांदी फारच भरली असेल तर छाटून जाळा. मुंग्यांची रांग तोडा, कारण माव्याला त्याच सांभाळतात. कीटकनाशक नकोच. गुरे आणि वानरे येत असतील तर क्रेटवर जुने मासेमारीचे जाळे ताणून बांधा, पण कासव आत असताना ते काढा, पाय अडकतो.

कॅल्शियम वेगळे द्यावे लागते का?

कोकणात हो. जांभ्याची माती मुसळधार पावसाने धुऊन निघते, आम्लधर्मी असते आणि तिच्यात चुना कमी राहतो. त्यावर वाढलेल्या गवतातही कॅल्शियम कमीच येते.

उपाय किनाऱ्यावरच पडलेला असतो: समुद्रफेन, म्हणजे म्हाकुलाचे पांढरे हाड. आणून तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला म्हणजे मीठ निघेल, मग कडक उन्हात वाळवा. पाठीचा टणक पापुद्रा सोलून मऊ भाग आवारात ठेवा, कासव हवा तेवढा कुरतडते. पिल्लांना त्याचीच पूड चिमूटभर, आठवड्यातून तीनदा, पाल्यावर भुरभुरा. तेलाचे डाग असलेले हाड घेऊ नका. पानाला लावायचा चुना कधीही देऊ नका, तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो.

कॅल्शियम अंगी लागायला ऊन हवे. काचेतून आलेले ऊन उपयोगाचे नाही. रोज दोन तास उघड्यावर, आणि बाजूला सावलीची जागा.

पाणी कोणते द्यावे?

गोडे. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी हिवाळा सरता सरता मचूळ होते. जिभेला खारट लागले तर ते प्यायलाही नको आणि क्रेटलाही नको. पिल्लांना दिवसाआड आणि मोठ्यांना आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात १५ मिनिटे बसवा, पाणी हनुवटीच्या खाली. दुपारी बसवा आणि पुसूनच आवारात सोडा. वाळके गवत वाढले की पाण्याची गरज वाढते हे विसरू नका. हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि त्याचे भांडे स्वयंपाकघराच्या मोरीत घासू नका. कासवाच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो.

वाळक्या गवताला तोंडच लावत नाही. काय करावे?

दोन-तीन सेंटीमीटर कापा, पाण्याचा हबका मारा, जास्वंदीच्या चिरलेल्या पाल्यात मिसळा. सुरुवातीला एक भाग गवत, तीन भाग पाला. दर आठवड्याला गवत वाढवत न्या. महिनाभर लागतो. निरोगी मोठे कासव दोन-तीन दिवस रुसले तर हार मानून काकडी घालू नका, नाहीतर ते काकडीचीच वाट बघत बसते.

खाणेच बंद केले तर?

आधी तापमापक बघा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असते. रात्रीची ऊब वाढवा, कोमट पाण्यात बसवा, विष्ठा होते का ते पाहा. दर रविवारी वजन करून वहीत लिहा. नाकातून फेस किंवा बुडबुडे, उघड्या तोंडाने श्वास, मान ताणून धरणे, सुजलेले डोळे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. जबरदस्तीने चोच उघडून भरवू नका. गार अंगाच्या कासवाला भरवलेले श्वासनलिकेत जाते.

शिमग्यानंतर काय?

मार्चपासून ऊब मिळते आणि पाणी आटते. तुती आणि शेवगा फेब्रुवारीअखेर छाटा, पाणी मिळाले तर नवा पाला लवकर फुटतो. क्रेट दुपारच्या उन्हातून आडोशाला घ्या आणि पाणी सूर्य मावळल्यावर द्या. कासवाच्या आंघोळीचे पाणी वाया घालवायचे नसेल तर ते तुतीच्या बुंध्याशी ओता. खायच्या हरळीवर ओतू नका.